हैदराबादेतील भाचा आणि त्याचे खेळ

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या धाकट्या बहिणीचा हैदराबादेहून फोन आला. "दादा, तू ये आणि त्याला काही तरी सांग. आमचे तो ऐकत नाही." अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत आमच्या भाच्याचा क्रमांक फार मागे गेला होता. निकालाच्या दिवसापासून मुलगा खोलीचे दार लोटून संगणकावर खेळत बसे, आणि त्याचे वडील तो संगणक उचलून कपाटात कुलूपबंद करण्याच्या बेतात होते. अशा वेळी मामाने येऊन चार शब्द सुनवावेत ही आपल्याकडील जुनी रीत. हुसेनसागर एक्स्प्रेसने निघालो तेव्हा वाटेत आम्ही बराच उपदेश मनाशी जुळवूनही ठेवला होता.

तो उपदेश झालाच नाही. पहिल्याच सायंकाळी भाच्याने आम्हांस विचारले, "मामा, यांतला एक तरी खेळ तुम्ही खेळून पाहिला आहे का?" आम्ही निरुत्तर झालो. ज्या पुस्तकाचे पान उघडले नाही त्याची निंदा करणारे टीकाकार आम्हांला कधीच आवडले नाहीत. आता त्यांच्याच पंक्तीस जाऊन बसणे बरे दिसेना. तेव्हा आम्ही खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. नऊ दिवसांच्या मुक्कामात आम्ही जे पाहिले, जे खेळलो आणि आमचे जे मत झाले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. आमच्या मेहुण्यांचा राग अगदीच निराधार नव्हता. ते ज्या औषधांच्या कारखान्यात काम करतात तेथील एका सहकाऱ्याने मोबाइलवर पैसे लावून रमी खेळता खेळता मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम घालविली होती. "खेळ" हा एकच शब्द त्यांच्या कानी दोन्हीकडून पडे, आणि मुलगाही त्याच वाटेने चालला आहे असे त्यांस वाटे. वास्तविक हे दोन निराळे प्रांत आहेत. पैशाच्या ऑनलाइन डावांवर तेलंगण सरकारने २०१७ सालीच बंदी घातली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने सबंध देशासाठी तसा कायदा मंजूर केला. केवळ करमणुकीचे खेळ त्याच कायद्याने वेगळे मानले आहेत. भाचा खेळतो ते खेळ पुस्तकाप्रमाणे एकदा विकत घ्यायचे असतात. त्यांत पैसे लावायचे नसतात. हरायचा तो वेळ. आणि वेळ ही काही लहान चीज नव्हे, म्हणूनच हा विषय आम्ही विचारास घेतला.

हैदराबाद हे या धंद्याच्या लोकांच्या ओळखीचे शहर आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरात देशभरचे खेळ रचणारे तरुण तेथे परिषदेसाठी जमले होते. तेव्हा शहराच्या एका टोकास मुले शिकवण्यांना जातात आणि दुसऱ्या टोकास हे लोक जमतात, एवढे अंतर पार करायला आमच्या मेहुण्यांस मात्र नऊ दिवस लागले.

भाच्याचे खेळ तीन जातींचे आहेत. पहिली जात रणनीतीच्या खेळांची. यात राज्य चालवायचे, धान्य-लाकूड-सोने जमवायचे, फौज उभारायची, शेजाऱ्याशी तह करायचा किंवा मोडायचा. सिड मायर यांचा "सिव्हिलायझेशन" हा खेळ १९९१ साली निघाला आणि त्याची पिढी अजून वाढते आहे. "एज ऑफ एम्पायर्स"चा दुसरा भाग १९९९ चा. तो आजही खेळला जातो, आणि २०२२ साली त्यात बंगाली, द्राविड व गुर्जर अशा फौजांची भर पडली. या खेळात मठवासी साधूही आहेत. साधू हात वर करून मंत्र पुटपुटतो आणि शत्रूचा शिपाई क्षणार्धात अंगरख्याचा रंग बदलून आपल्या बाजूस येतो. धर्मप्रसाराची ही पद्धत कोणत्याही सेमिनरीत शिकविली जात असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भाच्यास हे आम्ही सांगितले तेव्हा निकालानंतर प्रथमच तो हसला, असे त्याची आई म्हणाली.

परंतु त्याचा लाडका खेळ निराळा. "युरोपा युनिव्हर्सालिस"चा चौथा भाग, २०१३ साली निघालेला. हा सबंध पृथ्वीचा नकाशाच आहे, आणि खेळ सुरू होतो तो ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी. भाचा बहामनी राज्य घेऊन बसला होता. दक्षिणेस विजयनगर, उत्तरेस माळवा, बाजूस गुजरात. ज्या भूमीवर त्याचे घर उभे आहे तीच भूमी तो पडद्यावर राखीत होता. हैदराबाद शहर तेव्हा वसलेलेही नव्हते, ते वसले १५९१ साली. इतिहासात बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले. भाच्याचा पण असा, की ते एकसंध ठेवायचे. विजयनगरशी लढण्याआधी दहा वर्षे खजिना कसा भरावा, कोणत्या सरदारास कधी दुखवू नये, याचा त्याने जो हिशेब आम्हांस सांगितला, तो ऐकून हा मुलगा परीक्षेत मागे कसा पडला हेच आम्हांस कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास गोवळकोंड्यावर घेऊन गेलो. फतेह दरवाजापाशी टाळी वाजविली की ती वर बालाहिसारात ऐकू येते. मार्गदर्शक ती टाळी वाजवून दाखवितात आणि शाळेची मुले ओरडतात. १६८७ साली औरंगजेबाने सुमारे आठ महिने या किल्ल्यास वेढा दिला. भिंतींनी दाद दिली नाही, सुरुंगांनी काम भागले नाही. शेवटी आतल्याच एका अधिकाऱ्याने दरवाजा उघडला, आणि अबुल हसन कुतुबशहाची रवानगी दौलताबादच्या कैदेत झाली. आम्ही भाच्यास म्हणालो, "तुझ्या हिशेबात हा दरवाजा उघडणारा माणूस कोठे बसतो?" तो थोडा वेळ चालत राहिला आणि म्हणाला, "बसतो, मामा. पण तसे झाले तर मी जुनी नोंद उघडतो."

हे "जुनी नोंद उघडणे" काय ते आम्ही घरी आल्यावर पाहिले. या खेळात मधूनमधून डावाची नोंद करून ठेवता येते. युद्ध अंगाशी आले की ते विसरायचे, मागची नोंद उघडायची आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू करायचे. आम्हांस हे मुळीच रुचले नाही. याच शहरात २००२ साली विश्वनाथन आनंद यांनी बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला. त्या पटावर हात लावलेले मोहरे हलवावेच लागते. नोंदी उघडून राखलेले राज्य आम्ही तरी राखलेले मानणार नाही. भाच्याचे म्हणणे असे, की या डावात चाळीस-चाळीस तास गेलेले असतात, ते एका चुकीपायी कोण सोडील? त्याचे हे उत्तर आम्ही मनात ठेवले, कारण पुढे त्याचा उपयोग झाला.

दुसऱ्या जातीचे नाव ऐकून स्वयंपाकघरातून आमची बहीण बाहेर आली. ती परिचारिका आहे, वीस वर्षे रुग्णालयात काढली आहेत. "रोगलाइक? रोगासारखे? असले नाव कोण ठेवतो?" तिचा घोटाळा साहजिक होता. "रोग" हा इंग्रजी शब्द येथे भामट्याच्या अर्थी आहे. त्या नावाचा खेळ १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी रचला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर केवळ अक्षरे व चिन्हे. ईमेलच्या पत्त्यात जे वेटोळे चिन्ह असते तो आपला नायक, आणि इंग्रजी मोठ्या लिपीतील सव्वीस अक्षरे म्हणजे सव्वीस राक्षस. तळघरात उतरत जायचे आणि एक ताईत घेऊन परत यायचे. दोन गोष्टी नव्या होत्या. तळघर दर वेळी यंत्रच नव्याने रचते, म्हणून पाठ करून भागत नाही. आणि नायक मेला की मेला. मागची नोंद उघडणे नाही. या दोन नियमांवर चालणाऱ्या सर्व खेळांस मग त्याच्यासारखे, म्हणून रोगलाइक, असे नाव पडले. २००८ साली या मंडळींनी बर्लिन येथे जमून खरा रोगलाइक कोणता याची व्याख्याही केली, आणि त्या व्याख्येवरून ते अजून भांडतात. भांडोत बापडे.

वाचकांस हे समजण्यास पत्त्यांची आठवण पुरेशी आहे. सापशिडीत सगळे फाशाच्या हाती, बुद्धीस काम नाही. बुद्धिबळात सगळे बुद्धीच्या हाती, दैवास काम नाही. मेंढीकोट मात्र मधला: पाने कशी येतील ते दैवाने, कशी टाकायची ते आपण. रोगलाइक हा या मधल्या घरातील खेळ आहे, आणि आमच्या मते म्हणूनच तो माणसाच्या अधिक जवळचा आहे.

भाच्याने आम्हांस "स्ले द स्पायर" शिकविला. दोन तरुणांनी उभारलेल्या एका लहान संस्थेने तो रचला आणि २०१९ साली तो पुरा झाला. एक मनोरा चढत जायचे, प्रत्येक पायरीवर कोणी तरी वाट अडवितो, लढायचे पत्त्यांनी. आरंभी हाती दहा साधी पाने असतात. प्रत्येक विजयानंतर तीन नवी पाने पुढे येतात, त्यांतील एक घ्यावे. आम्ही अर्थातच दर वेळी घेत गेलो. फुकट मिळते ते कोण नाकारतो? दुसऱ्या टप्प्यावर आमच्याकडे तीसेक पाने झाली, हवे ते पान हव्या वेळी हाती येईना, आणि एका पक्ष्याने आम्हांस टोचून मारले. भाचा म्हणाला, "मामा, घ्यायचे नसते. तिन्ही नकोत म्हणता येते." नाकारणे हीही एक चाल आहे हे आम्हांस सुचलेच नव्हते. दुसरी गोष्ट अशी, की समोरचा शत्रू पुढच्या फेरीत किती घाव घालणार हे त्याच्या डोक्यावर आधीच लिहिलेले असते. खेळ फसवीत नाही. मेल्यावर दोष द्यायला कोणी उरत नाही, आणि तरीही राग येत नाही. त्या नऊ दिवसांत आम्ही एकवीस वेळा मेलो. "हेडीस" नावाचा २०२० चा खेळ आम्ही थोडाच पाहिला. त्यात नायक मेला की आपल्या बापाच्या घरी परततो आणि घरची माणसे त्याच्याशी बोलतात. कल्पना गोड आहे, परंतु दर मरणानंतर नायकास थोडे अधिक बळ मिळत जाते, हे आमच्या भाच्यास पसंत नाही. त्याच्या मते मरण असे स्वस्त करू नये.

एके रात्री आम्ही त्यास सरळ विचारले. "येथे तू शंभर वेळा हरतोस आणि लगेच पहिल्या पायरीवर उभा राहतोस. मग एका परीक्षेने असा का खचलास?" अशा प्रसंगी वडीलधारी माणसे म्हणतात, की बघ, खेळाने तुला हरण्यास शिकविले. आमचाही बेत तसेच बोलण्याचा होता. त्याने बोलू दिले नाही. तो म्हणाला, "मामा, हा डाव तासाभराचा असतो. त्या परीक्षेत दोन वर्षे होती." पहाटे पाच वाजता शिकवणी, रविवारी चाचणी, एकही सण धड नाही. आणि त्या दोन वर्षांचा निकाल तीन तासांत. बहामनी राज्यातले चाळीस तास सोडवत नाहीत म्हणून जो मुलगा जुनी नोंद उघडतो, त्यास दोन वर्षांची नोंद कोठे उघडता येणार होती? आम्हांस तेव्हा कळले, की खेळातले हरणे सोसवते ते खेळाडू शूर असतो म्हणून नव्हे. पणास लावलेले थोडे असते म्हणून. खेळाने हरण्याची सवय लागते हे आम्ही यापुढे कोणास सांगणार नाही. मुलांच्या हाती दोन वर्षांचा एकच डाव देणारे आपण, हा प्रश्न मात्र आम्ही घेऊन परतलो.

तिसरी जात कथेच्या खेळांची. पुण्याच्या तरुणांनी रचलेला "राजी" (२०२०) यातच मोडतो. धाकट्या भावास शोधीत निघालेल्या मुलीची ती कथा. लढायांपेक्षा त्यातील वाड्यांच्या भिंती व चित्रे आम्हांस अधिक आवडली. शेवट मात्र तुटल्यासारखा वाटला. पण घर एकत्र आले ते "वेण्बा"मुळे. २०२३ साली निघालेला हा खेळ तासाभराचा आहे. १९८८ सालातील कॅनडा, नवखे तमिळ जोडपे, एक मुलगा, आणि आईने दिलेली फाटकी पाकपुस्तिका. पाने फाटली आहेत, शाई पुसली आहे, तेव्हा पाककृतीतील हरवलेला टप्पा आपण ओळखायचा. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचाव्यात म्हणजे वाफ सगळीकडे पोचेल, येथे भाचा अडखळला, आणि आमची बहीण दारातूनच म्हणाली, "अरे, भोके बघ ना!" त्यानंतर ती खाली बसली ती उठलीच नाही. कथेतील मुलगा मोठा होतो, आईची भाषा त्याच्या तोंडून निसटत जाते, डबा शाळेत उघडण्याची त्यास लाज वाटते. आमचा भाचा आईशी हैदराबादी हिंदीत बोलतो, मित्रांशी तेलुगूत, आणि मराठी मामा आला तरच. खेळ संपल्यावर कोणी काही बोलले नाही. रात्री जेवताना तो "आई, आणखी भात वाढ" असे स्वच्छ मराठीत म्हणाला, आणि बहिणीने ते ऐकलेच नाही असे दाखविले.

शेवटचा खेळ आम्ही सांगावा की न सांगावा असा विचार पडला होता. त्याचे नाव "दॅट ड्रॅगन, कॅन्सर". रायन व एमी ग्रीन या अमेरिकन ख्रिस्ती दांपत्याचा मुलगा जोएल एक वर्षाचा असता त्यास कर्करोग झाला. त्याच्या आजाराच्या काळातच त्यांनी हा खेळ रचण्यास आरंभ केला. २०१४ साली, पाच वर्षांचा असता, जोएल देवाघरी गेला. खेळ २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोएलचे हसणे खरे आहे, आईबापांचे आवाज खरे आहेत. एका प्रसंगी रुग्णालयाची खोली आहे. मुलास तहान लागली आहे, पोटात काही ठरत नाही, ते रडते आहे. आपण पेय देतो, रडते. उचलून घेतो, रडते. येरझाऱ्या घालतो, रडतच राहते. जी कळ दाबावी ती फुकट. ज्या खेळाडूने शेकडो वर्षांचे राज्य चालविले त्याच्या हाती तेथे काही नाही. अखेर बाप थकून प्रार्थना करतो, आणि केव्हा तरी मूल झोपी जाते.

आमची बहीण रात्रपाळीस जाण्यास निघाली होती, गणवेश अंगावर होता. ती दारात उभी राहून सबंध प्रसंग पाहत होती. शेवटी म्हणाली, "असेच असते. रात्री तीन वाजता बाप मला विचारतात, सिस्टर, आणखी काही करता येईल का? आणि सगळे करून झालेले असते." मग चपला घालून ती गेली. मुलाने ती कशा वॉर्डात काम करते हे अठरा वर्षांत कधी विचारले नव्हते. त्या रात्री तो जागा राहिला आणि सकाळी ती आली तेव्हा त्याने चहा केला होता.

या खेळाबद्दल कोणी असे म्हणतात, की ज्यात जिंकता येत नाही त्यास खेळ का म्हणावे. आमचे मत निराळे आहे. पुस्तकात आपण बापाची असहायता वाचतो. येथे आपलेच बोट कळ दाबते आणि काही होत नाही. हे दुसऱ्या कोणत्याही साधनाने आम्हांस इतके जवळून कळले नव्हते. मात्र ज्यांच्या घरी नुकतेच असे दुःख होऊन गेले आहे, त्यांनी एकट्याने तो उघडू नये.

मेहुण्यांचे काय? आठव्या दिवशी ते कारखान्यातून आले, आम्ही पुन्हा मनोरा चढत होतो, आणि ते बूट न काढताच पाठीमागे उभे राहिले. "दादा, ते पान घेऊ नका," ते म्हणाले. आम्ही घेतले आणि मेलो. त्या रात्री संगणक खोलीतून निघाला. पण कपाटात न जाता बैठकीच्या खोलीत, जेवणाच्या मेजाशेजारी आला. दार लोटण्याचा प्रश्नच मिटला. भाच्याने पुन्हा परीक्षेस बसण्याचे नाकारले. जुलैत त्याने गणित घेऊन बी.एस्सी.ला नाव घातले. वडिलांस ते अजून पुरते पसंत नाही, आणि ते तसे बोलूनही दाखवितात.

परवा बहिणीचा फोन होता. घरातील भांडणे कमी झाली काय, असे आम्ही विचारले. नाही म्हणाली. आता रात्री जेवणानंतर पहिला डाव कोणी खेळायचा यावरून बापलेकांत वाद होतो, आणि ती रात्रपाळीहून परतेपर्यंत कधी कधी दोघेही जागे असतात.